दोन अ‍ॅरे सारखे आहेत का? टेस्टमध्ये हे नीट कसं तपासायचं

जावात पहिल्यांदा युनिट टेस्ट (कोडचा छोटा तुकडा बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) लिहायला बसलेला माणूस हमखास इथे अडकतो. फंक्शनने [१, २, ३] हा अ‍ॅरे (ओळीने ठेवलेल्या किमतींची यादी) परत द्यायला हवा, ते देतंयही, डीबगर लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय की तिन्ही आकडे जागच्या जागी आहेत, तरी असर्टइक्वल्स, म्हणजे दोन किमती सारख्या आहेत का बघणारं असर्शन (टेस्टमधली तपासणी), म्हणतं नाही बाबा, हे दोन वेगळे आहेत. वैतागून दोन्ही अ‍ॅरे प्रिंट करावेत तर स्क्रीनवर आकडे नाहीतच, नुसता एक चौकटी कंस, एक आय, एक अ‍ॅटचं चिन्ह आणि पुढे अक्षर-आकड्यांचं गिचमिड. आणि दोन्ही अ‍ॅरेंचं गिचमिड वेगवेगळं.

उत्तर खरं तर त्या गिचमिडातच आहे. आय म्हणजे इंटचा अ‍ॅरे, आणि मागचं ते सगळं म्हणजे त्या ऑब्जेक्टचा हॅशकोड (एक प्रकारचा ओळख-आकडा). म्हणजे जावाने आत काय आहे ते सांगितलंच नाही, हा कुठला डबा आहे एवढंच सांगितलं. तुलना पण त्याने डब्याचीच केली, आतल्या मालाची नाही. डबे दोन आहेत, म्हणून उत्तर "वेगळे". जावात अ‍ॅरेवर == लावा नाहीतर इक्वल्स मेथड लावा, दोन्हीकडे हेच होतं.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे, तो खाली येतोच. पण आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अ‍ॅरेच्या तुलनेत चूक दोन बाजूंनी होते. एक म्हणजे अ‍ॅरे सारखे असून टेस्ट लाल, म्हणजे फेल. ही कटकट आहे पण धोका नाही, कारण लाल टेस्ट ओरडते, तुम्ही शोधाशोध करता आणि दहा मिनिटांत मिटवता. दुसरी म्हणजे अ‍ॅरे वेगळे असून टेस्ट हिरवी, म्हणजे पास. ही ओरडत नाही, महिनोन् महिने सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) टिकमार्क मिरवत बसते आणि सगळ्यांना वाटतं की हा भाग टेस्टने झाकलेला आहे. इथे जास्त जागा मी त्या दुसऱ्या प्रकारालाच देणार आहे, पहिल्याचं उत्तर कुठेही मिळतं.

साधी केस आधी उरकून घेऊ

जेयुनिटमध्ये (जावाचं टेस्ट फ्रेमवर्क) असर्टइक्वल्सऐवजी असर्टअ‍ॅरेइक्वल्स वापरा. टेस्टच्या बाहेर, नेहमीच्या कोडमध्ये, अ‍ॅरेजडॉटइक्वल्स. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असतील तर अ‍ॅरेजडॉटडीपइक्वल्स, कारण साधं इक्वल्स एकच पातळी खाली उतरतं आणि आतल्या अ‍ॅरेंना भेटलं की पुन्हा डब्यांची तुलना सुरू करतं. असर्टअ‍ॅरेइक्वल्स मात्र स्वतःच खोलवर जातं, तिथे वेगळं काही करावं लागत नाही. काही जण अ‍ॅरेजडॉटअ‍ॅजलिस्ट वापरून दोन्हीच्या लिस्ट बनवून तुलना करायला बघतात, ते स्ट्रिंगच्या अ‍ॅरेला चालतं पण इंटच्या अ‍ॅरेला नाही, कारण तिथे तीन आकड्यांची लिस्ट न बनता एकच एलिमेंट असलेली लिस्ट बनते आणि तो एलिमेंट म्हणजे अख्खा अ‍ॅरे. आणि प्रिंट करून बघायचंच असेल तर अ‍ॅरेजडॉटटूस्ट्रिंग, गिचमिड जातं आणि आकडे दिसतात.

जावास्क्रिप्टमध्ये [१, २] === [१, २] याचं उत्तर फॉल्स, कारण तेच, डबे दोन. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये टूबी वापरलंत तर ते डबा बघतं, टूइक्वल वापरलंत तर आतला माल बघतं. पण टूइक्वल थोडं मायाळू आहे, ऑब्जेक्टमधल्या अनडिफाइन्ड किमतीच्या की ते सोडून देतं आणि अ‍ॅरेमधली रिकामी जागा आणि तिथे लिहिलेलं अनडिफाइन्ड यात फरक करत नाही. टूस्ट्रिक्टइक्वल हे दोन्ही पकडतं. माझी सवय अशी की सुरुवात कायम टूस्ट्रिक्टइक्वलने करायची आणि कारण सापडलं तरच ढील द्यायची. चाय या असर्शन लायब्ररीत डीपइक्वल, नोडच्या स्वतःच्या असर्टमध्ये डीपस्ट्रिक्टइक्वल.

पायथॉनवाले नशीबवान, लिस्टवर == लावलं की आतला मालच तपासला जातो, आणि पायटेस्ट (पायथॉनचं टेस्ट फ्रेमवर्क) तर नुसत्या असर्टवरून कितव्या इंडेक्सला काय वेगळं आहे ते सांगतो. एवढंच लक्षात ठेवा की [१, २] ही लिस्ट आणि (१, २) हा टपल पायथॉनच्या लेखी सारखे नाहीत. रस्टमध्ये असर्टइक्यू मॅक्रो व्हेक्टरला आणि अ‍ॅरेला थेट चालतो. सी शार्पमध्ये मात्र फ्रेमवर्कवर अवलंबून आहे, एनयुनिट आणि एक्सयुनिटचं साधं इक्वल असर्शन अ‍ॅरेच्या आत बघतं, एमएसटेस्टमध्ये त्यासाठी कलेक्शनअसर्ट वेगळं आहे. तेव्हा एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात टेस्ट कॉपी करताना हे बघून घ्या.

सीमध्ये तर अ‍ॅरेचं नाव म्हणजे बहुतेक ठिकाणी पत्ताच, त्यामुळे == म्हणजे दोन पत्त्यांची तुलना. गूगलटेस्टमध्ये साध्या सी अ‍ॅरेवर एक्स्पेक्टइक्यू लावलं तरी तेच होतं, तिथे एलिमेंट्सआरअ‍ॅरे हा मॅचर (तपासणीचा तयार नियम) घ्यायचा किंवा सरळ व्हेक्टर वापरायचा.

लूपची भानगड

आता मुद्द्याचं. असर्टअ‍ॅरेइक्वल्स माहीत नसलेला माणूस काय करतो, तर स्वतः लूप लिहितो. मी पण लिहिलाय. असा काहीसा:

फॉर आय इन रेंज(लेन(मिळालेला)):
    असर्ट मिळालेला[आय] == अपेक्षित[आय]

दिसायला एकदम निरागस. आता समजा फंक्शन बिघडलं आणि त्याने रिकामी लिस्ट दिली. लेन शून्य, लूप शून्य वेळा फिरला, एकही असर्ट चालला नाही, टेस्ट हिरवी. आधीच्या एका कामावर आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. फायलीतल्या ओळी वाचून त्यातल्या कामाच्या तेवढ्या गाळून द्यायच्या असं फंक्शन होतं, कोणीतरी रिफॅक्टर करताना, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारताना, गाळणीची अट उलटी केली, फंक्शन टेस्टच्या डेटावर काहीच परत देईना, आणि टेस्ट मात्र हिरवीगार. रिव्ह्यू मीच केला होता आणि टेस्ट पास दिसतायत म्हणून मंजूर पण मीच केला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

लूप अपेक्षितच्या लेंग्थवर फिरवला तर? मग रिकामी लिस्ट पकडली जाते पण जास्तीचे एलिमेंट सुटतात, [१, २, ३] हवंय आणि [१, २, ३, ३, ३] आलंय तरी टेस्ट खूश. पायथॉनचं दोन लिस्ट जोडीजोडीने फिरवणारं झिप तर दोन्ही बाजूंनी फसवतं, कारण ते छोटी लिस्ट संपली की गुपचूप थांबतं, ३.१० पासून त्याला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं मग लांबी वेगळी असली की एरर येतो. जावास्क्रिप्टचं फॉरईच, सगळे आहेत का विचारणारं एव्हरी, सगळ्यांची तीच कथा, रिकाम्या अ‍ॅरेवर सगळ्या अटी आपोआप खऱ्या ठरतात. म्हणून लूप लिहायचाच असेल, म्हणजे समजा प्रत्येक एलिमेंटवर काही वेगळीच तपासणी करायची असेल, तर लूपच्या आधी लेंग्थचं असर्शन हवंच हवं, आणि ते अपेक्षित आकड्याशी हवं, "शून्यापेक्षा जास्त" असं मोघम नको. शक्य असेल तिथे लूप नकोच, फ्रेमवर्कचं असर्शन घ्या, ते लेंग्थ तपासतंच.

सीमध्ये याचाच एक भाऊ आहे. मेमसीएमपीने दोन अ‍ॅरे तपासायचे, किती बाइट ते साइजऑफने काढायचं. अ‍ॅरे तिथेच डिक्लेअर केलेला असेल तर ठीक. पण तो फंक्शनला पॅरामीटर म्हणून आलेला असेल तर तिथे साइजऑफ म्हणजे पॉइंटरची साइज, ६४ बिट मशीनवर ८ बाइट. म्हणजे हजार इंटचा अ‍ॅरे असू दे, तपासले जातात फक्त पहिले दोन, बाकी ९९८ काहीही असोत. स्ट्रक्टच्या अ‍ॅरेवर मेमसीएमपी उलट बाजूने त्रास देतं, फील्डच्या मधल्या पॅडिंग बाइटमध्ये (कंपायलरने सोडलेली रिकामी जागा) कचरा असतो आणि सगळी फील्ड सारखी असून टेस्ट लाल होते. युनिटी नावाचं सीचं टेस्ट फ्रेमवर्क वापरत असाल तर त्यात अ‍ॅरेसाठी वेगळे मॅक्रो आहेत, त्यांना एलिमेंटची संख्या द्यायची असते, ती हाताने किंवा कॉन्स्टंटने द्या.

क्रम महत्त्वाचा आहे का?

हे टेस्ट लिहिणाऱ्याने ठरवायचं, फ्रेमवर्कने नाही. सॉर्ट करणाऱ्या फंक्शनची टेस्ट असेल तर क्रम हाच तर मुद्दा आहे. पण डेटाबेसमधून ऑर्डर बाय न लावता ओळी आणल्या, किंवा सेटमधून लिस्ट बनवली, किंवा गोमध्ये मॅपवर लूप फिरवला, तर क्रमाची हमी कोणी दिलेलीच नाही. पायथॉनमध्ये स्ट्रिंगच्या सेटचा क्रम तर प्रोग्रॅम पुन्हा चालवला की बदलू शकतो, कारण हॅश दर वेळी नव्याने पिसलेला असतो. अशी टेस्ट तुमच्या मशीनवर पाच वेळा पास होते आणि सहाव्यांदा सीआयवर पडते, मग कोणीतरी "फ्लेकी आहे, पुन्हा चालवा" म्हणतं आणि तिथून त्या टेस्टची इज्जत जी जाते ती परत येत नाही.

मग क्रम सोडून तुलना कशी करायची? इथे सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दोन्हीचे सेट बनवणं. सेट केला की डुप्लिकेट गळतात. [१, १, २] आणि [१, २, २] दोन्हीचा सेट एकच. एखादी ओळ दोनदा येते हाच बग असेल तर सेटवाली टेस्ट तो कधीच पकडणार नाही, आणि जॉइन चुकल्यावर ओळ दोनदा येणं हा काही दुर्मिळ बग नाही. "यातले सगळे त्यात आहेत आणि त्यातले सगळे यात आहेत" अशी दुहेरी कंटेन्सऑल तपासणी केली तरी हीच गळती होते.

बरोबर पद्धत म्हणजे कुठला एलिमेंट किती वेळा आलाय ते मोजणं, किंवा दोन्ही सॉर्ट करून मग तुलना. तयार असर्शन बऱ्याच ठिकाणी आहेत. पायथॉनच्या युनिटटेस्टमध्ये असर्टकाउंटइक्वल. नाव अगदी दिशाभूल करणारं, वाटतं की फक्त लेंग्थ तपासत असेल, पण ते प्रत्येक एलिमेंटची संख्या जुळवतं, क्रम सोडून. असर्टजे मध्ये कंटेन्सएक्झॅक्टलीइनएनीऑर्डर, गोच्या टेस्टिफायमध्ये एलिमेंट्समॅच, आरस्पेकमध्ये मॅचअ‍ॅरे, एनयुनिटमध्ये इक्विव्हॅलंटटू, पीएचपीयुनिटमध्ये असर्टइक्वल्सकॅनॉनिकलायझिंग.

जेस्टमध्ये लोक अ‍ॅरेकंटेनिंग वापरतात आणि फसतात. ते फक्त एवढंच बघतं की अपेक्षित यादीतला प्रत्येक एलिमेंट मिळालेल्या अ‍ॅरेत कुठेतरी आहे. जास्तीचे दहा असले तरी चालतात. मग म्हणतात सोबत लेंग्थ तपासू, तरी अपेक्षित [१, १, २] आणि मिळालेला [१, २, २] ही जोडी सुटतेच, लेंग्थ तीन, १ आहे, परत १ आहे, २ आहे, झालं पास. तिथे सरळ दोन्ही अ‍ॅरेंची कॉपी करून सॉर्ट करा. सॉर्ट करताना तुलनेचं फंक्शन द्यायला विसरू नका, नाहीतर जावास्क्रिप्ट आकड्यांना स्ट्रिंग समजून लावतं, [१०, ९, १] चं [१, १०, ९] होतं, आणि अपेक्षित बाजू तुम्ही हाताने चढत्या क्रमाने लिहिली असेल तर डोकं खाजवत बसाल.

आणि सॉर्टवरून आठवलं, पायथॉनमधली ही ओळ बघा:

असर्ट मिळालेला.सॉर्ट() == अपेक्षित.सॉर्ट()

ही टेस्ट आकडे सॉर्ट होण्यासारखे असले की कधीच फेल होऊ शकत नाही. लिस्टची सॉर्ट मेथड लिस्ट जागच्या जागी लावते आणि परत देते नन, म्हणजे 'काहीच नाही'. दोन्हीकडे नन, नन बरोबर नन, पास. सॉर्टेड(मिळालेला) == सॉर्टेड(अपेक्षित) असं हवं. रिव्ह्यूमध्ये ही ओळ माझ्या नजरेतून एकदा निसटलीय, इतकी ती बरोबर दिसते.

याच पंगतीतले दोन-तीन नमुने इथेच सांगून टाकतो. युनिटटेस्टमध्ये असर्टट्रू(मिळालेला, अपेक्षित) असं लिहिलं तर दुसरं आर्ग्युमेंट म्हणजे फेल झाल्यावर दाखवायचा मेसेज, तुलना होतच नाही, पहिली लिस्ट रिकामी नाही एवढ्यावर टेस्ट पास. जेस्टमध्ये एक्स्पेक्टच्या कंसात तुलना लिहून पुढे मॅचर लावायचाच राहिला, किंवा टूइक्वल लिहिलं पण त्याला कंसच दिले नाहीत, तर काहीच तपासलं जात नाही आणि टेस्ट हिरवी.

दशांश आले की वेगळं प्रकरण

०.१ + ०.२ हे ०.३ नसतं, ०.३००००००००००००००४ असतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी टेस्टमध्ये विसरलं जातं. दशांश आकड्यांच्या अ‍ॅरेला कायम थोडी मोकळीक देऊन तुलना करायची. जेयुनिटच्या असर्टअ‍ॅरेइक्वल्सला तिसरं आर्ग्युमेंट डेल्टा (किती फरक चालेल तो आकडा) असतं, पायटेस्टचं अ‍ॅप्रॉक्स लिस्टवर थेट चालतं (लिस्टच्या आत लिस्ट असेल तर नाही), नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत असर्टऑलक्लोज.

डेल्टा किती ठेवायचा, इथे बहुतेक जण अंदाजपंचे ०.००१ टाकतात आणि पुढे जातात. तुमचे आकडे केवढे आहेत ते आधी बघा. आकडेच ०.०००१ च्या आसपासचे असतील तर ०.००१ चा डेल्टा म्हणजे फंक्शनने सगळी शून्यं परत दिली तरी पास. उलट आकडे एक लाख कोटींच्या, म्हणजे एकावर बारा शून्यांच्या, घरात असतील तर तिथे दोन शेजारच्या डबल आकड्यांमधलं अंतरच साधारण ०.०००१२ असतं, मग ०.००००१ चा डेल्टा देणं म्हणजे मोकळीक न देण्यासारखंच. म्हणून आकड्यांचा आवाका मोठा असेल तर सापेक्ष फरक वापरा, म्हणजे आकड्याच्या प्रमाणात. पायटेस्टचं अ‍ॅप्रॉक्स मुळातच दहा लाखांत एक एवढी सापेक्ष सूट देतं. असर्टऑलक्लोज एक कोटीत एक देतं, पण त्याची निरपेक्ष सूट मुळात शून्य आहे, आणि ही गोष्ट अपेक्षित किंमत शून्य असली की चावते. पायची साइन काढा, कागदावर शून्य, मशीनवर साधारण ०.०००००००००००००००१२. शून्याचा कितीही छोटा हिस्सा घेतला तरी शून्यच, म्हणून टेस्ट लाल. तिथे एटॉल, म्हणजे ती निरपेक्ष सूट, हाताने द्या.

नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही' असं सांगणारी खास किंमत, हा आणखी एक पाहुणा. तो स्वतःच्याही बरोबर नसतो, पण अ‍ॅरेच्या आत गेला की प्रत्येक भाषा आपापला नियम लावते. जावाचं अ‍ॅरेजडॉटइक्वल्स नॅनला नॅनबरोबर मानतं. जेस्टचं टूइक्वलही मानतं. नमपायचं असर्टअ‍ॅरेइक्वल मानतं पण साधं अ‍ॅरेइक्वल मानत नाही, त्याला इक्वलनॅन सांगावं लागतं. आणि पायथॉनच्या लिस्टमध्ये तर गंमतच, तोच एक नॅन ऑब्जेक्ट दोन्ही लिस्टमध्ये टाकला तर लिस्ट सारख्या, दोन वेगळे नॅन बनवून टाकले तर वेगळ्या. उणे शून्याचंही असंच काहीसं, जावास्क्रिप्टमध्ये उणे ०.४ राउंड केलं की उणे शून्य मिळतं, आणि जेस्टचं टूइक्वल त्याला साध्या शून्याबरोबर मानत नाही.

नमपायवाल्यांसाठी थोडं वेगळं

नमपायचे दोन अ‍ॅरे == ने जोडले की ट्रू-फॉल्सचा एक नवीन अ‍ॅरे मिळतो. त्याला असर्ट लावला की एरर येतो की एकापेक्षा जास्त एलिमेंटच्या अ‍ॅरेचं खरं-खोटं ठरवता येत नाही, एनी किंवा ऑल वापरा. माणूस तो सल्ला मानतो आणि (ए == बी).ऑल() लिहितो. आणि इथेच घात होतो.

नमपाय दोन्हीचा आकार जुळत नसेल तर जमेल तिथे लहान अ‍ॅरे ताणून मोठ्याएवढा करतो, याला ब्रॉडकास्टिंग म्हणतात. त्यामुळे [५] आणि [५, ५, ५] ची ही तुलना ट्रू येते. त्याहून भारी म्हणजे रिकामा अ‍ॅरे आणि [७]. एक एलिमेंटचा अ‍ॅरे ताणून, किंवा आकसून म्हणा, शून्य लांबीचा होतो, निकाल रिकामा, आणि रिकाम्यावर ऑल म्हणजे ट्रू. काहीच आलं नाही आणि ७ हा आकडा हवा होता, तरी पास. वरच्या लूपचीच गोष्ट, फक्त वेश वेगळा. म्हणून टेस्टमध्ये एनपीडॉटटेस्टिंगमधलं असर्टअ‍ॅरेइक्वलच वापरा, ते दोन अ‍ॅरेंचा आकार तपासतं आणि फेल झाल्यावर किती एलिमेंट वेगळे आहेत तेही सांगतं. एका बाजूला नुसता आकडा दिला तर मात्र ते अजूनही ताणतं, आणि इंट आणि फ्लोट यात फरक करत नाही, हे दोन्ही नको असेल तर नमपाय १.२४ पासून स्ट्रिक्ट=ट्रू आहे.

आतले ऑब्जेक्ट, नल आणि रिकामा

अ‍ॅरेत तुमचे स्वतःचे ऑब्जेक्ट असतील तर अ‍ॅरेची तुलना शेवटी त्या ऑब्जेक्टच्या तुलनेवर येऊन ठेपते. क्लासला इक्वल्स नसेल तर पुन्हा डबे, टेस्ट लाल, ते कळतं तरी. पण इक्वल्स आहे आणि ते फक्त आयडी बघतं, डेटाबेसच्या एंटिटीत हे फार दिसतं, तर नाव, तारीख, स्टेटस सगळं चुकलं तरी टेस्ट हिरवी. अशा वेळी ज्या फील्डशी मतलब आहे ती काढून त्यांचे अ‍ॅरे तपासा. जावाचा रेकॉर्ड किंवा कोटलिनचा डेटा क्लास इक्वल्स आपोआप देतो म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात एखादं फील्ड अ‍ॅरे असेल तर त्या फील्डपुरती तुलना परत डब्याचीच होते. तिथे अ‍ॅरेऐवजी लिस्ट ठेवली की प्रश्न मिटतो.

गोमध्ये स्लाइसवर == चालतच नाही, कंपायलरच अडवतो, त्यामुळे लोक रिफ्लेक्टडॉटडीपइक्वल घेतात. त्याच्या मते निल स्लाइस आणि रिकामा स्लाइस वेगळे, आणि प्रिंट केलं तर दोन्ही [] असेच दिसतात. हवं [] आलं [] आणि टेस्ट लाल, यावर एक दुपार घालवलेले लोक मला माहीत आहेत. गो १.२१ पासूनचं स्लाइसेसडॉटइक्वल दोन्ही सारखे मानतं. कुठलं घ्यायचं ते तुमच्या फंक्शनकडून बाहेरच्याला काय वचन दिलंय त्यावर, जेसनमध्ये एक नल होतो आणि दुसरा रिकामा अ‍ॅरे, तेव्हा फरक खरंच पडू शकतो.

पीएचपीत दोन गोष्टी. असर्टइक्वल्स ढिसाळ आहे, १ आणि '१' सारखे मानतं, असर्टसेम मानत नाही. आणि अ‍ॅरेफिल्टर जुन्या की तशाच ठेवतं, म्हणजे मधला एलिमेंट गाळला की की ० आणि २ राहतात, किमती बरोबर असून अ‍ॅरे वेगळा ठरतो. अ‍ॅरेव्हॅल्यूजमधून काढून मग तपासा.

दोन्ही अ‍ॅरे स्ट्रिंग करून तुलना करायची युक्ती पण दिसते. नका करू. जावास्क्रिप्टमध्ये [१, [२, ३]] आणि [१, २, ३] दोन्हीची साधी स्ट्रिंग एकच होते. जेसन स्ट्रिंगिफाय केलं तर नॅन, अनडिफाइन्ड आणि नल हे तिघंही अ‍ॅरेत नल म्हणूनच बाहेर पडतात.

दोन नावं, एकच अ‍ॅरे

डब्यांचा विषय आहे तर हा शेवटचा सापळा. टेस्टमध्ये अपेक्षित = इनपुट असं लिहिलं, मग इनपुट फंक्शनला दिलं, फंक्शनने तो अ‍ॅरे जागच्या जागी बदलला आणि तोच परत दिला. आता अपेक्षित, इनपुट आणि मिळालेला ही तिन्ही नावं एकाच अ‍ॅरेची आहेत. तुलना काय होणार, स्वतःची स्वतःशी. फंक्शनने काहीही केलं तरी पास. अपेक्षित किंमत कायम वेगळी, हाताने, पूर्ण लिहा. फंक्शनने मूळ इनपुटला हात लावायचा नाही असा नियम असेल तर आधी कॉपी काढून ठेवा आणि शेवटी इनपुट त्या कॉपीशी तपासा, अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असतील तर कॉपी पण खोलवरची.

मॉक, म्हणजे टेस्टसाठी खऱ्याच्या जागी ठेवलेला नकली ऑब्जेक्ट, वापरताना हेच उलटं होतं. मॉकिटो या जावाच्या मॉक लायब्ररीचा कॅप्टर किंवा पायथॉनचा मॉक दिलेल्या लिस्टचा रेफरन्स ठेवतो, कॉपी नाही. कोडने लिस्ट पाठवली आणि नंतर पुढच्या बॅचसाठी रिकामी केली, तर टेस्टमध्ये तपासायला जाल तेव्हा हातात रिकामी लिस्ट येते.

आर्ग्युमेंटचा क्रम पण एकदा बघून घ्या, जेयुनिटमध्ये आधी अपेक्षित मग मिळालेला, टेस्टएनजीमध्ये बरोबर उलटं. चुकलं तरी पास-फेल बदलत नाही, पण फेल झाल्यावर मेसेज उलटा सांगतो आणि तुम्ही बरोबर असलेला आकडा दुरुस्त करत बसता. मोठ्या अ‍ॅरेला असं असर्शन निवडा जे इंडेक्स सांगेल, पायटेस्ट लांबलचक फरक कापून दाखवतो, तिथे दोन व्ही देऊन चालवलं की पूर्ण दिसतो.

आणि टेस्ट लिहून झाली की कमिट करण्याआधी मी तीन वेळा मुद्दाम ती पाडून बघतो. अपेक्षित अ‍ॅरेचा शेवटचा एलिमेंट बदलून एकदा, तो काढून टाकून एकदा, आणि एक जास्तीचा जोडून एकदा. पहिला बदल कशाला, तर शेवटपर्यंत तुलना पोचते का ते कळतं. दुसऱ्या दोन्हींमध्ये लेंग्थ तपासली जाते का ते. क्रम सोडून तुलना असेल तर चौथा बदल, एक एलिमेंट काढून त्या जागी दुसरा कुठला तरी दोनदा. मिनिटभराचं काम आहे, आणि वरची ती नन बरोबर नन वाली ओळ पहिल्याच फेरीत उघडी पडते.